सहा ओव्यांचा काढा

“मग सातवी कोण?”

मनकर्णाने तिसऱ्यांदा विचारलं.

चिमाआई वरई पाखडत होती. सूप वर गेलं, खाली आलं. कोंडा उडाला, दाणे राहिले.

“सांगा ना. गाण्याच्या तोंडालाच म्हटलंय, साती बहिणी गडाच्या. पुढे ओव्या मात्र सहाच. मग सातवीची ओवी गेली कुठे?”

“कुठं जाईल? असंल हितंच.”

“इथे म्हणजे?”

चिमाआईने सुपातला एक खडा वेचून अंगणात टाकला आणि पुन्हा पाखडायला लागली.

मनकर्णा धिंदळे ही काही बाहेरची नव्हती. तिचा जन्म याच हेकळवाडीतला. पण वडील तालुक्याला नोकरीला लागले तेव्हा ती चार वर्षांची होती. तिथेच शिकली, तिथेच शाळेत मराठी शिकवायला लागली. कविता करायची. चांगल्या करायची, आणि चांगल्या करते हे तिला ठाऊक होतं. जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिली आली तेव्हापासून तर वाडीतली माणसंही तिला मास्तरीणबाई म्हणायला लागली होती.

आणि चिमाबाई असवले म्हणजे वाडीची औषधवाली. सत्तरी कधीच उलटलेली. झाडपाल्याचं तिला जेवढं कळे तेवढं पंचक्रोशीत कुणाला कळत नव्हतं. गाणीही तिलाच येत. वाडीतली माणसं सांगत, तिच्याकडे औषध मागायला गेलं की गाणं ऐकावं लागतं, आणि गाणं मागायला गेलं की काहीतरी काम करावं लागतं.

वाडीच्या डोक्यावर सातकडा नावाचा पडका गड होता. त्याची गोष्ट घरोघर माहीत होती. गडाला वेढा पडला. वरचं टाकं नासलं. माणसं पोटाने बेजार झाली. तेव्हा गडावरच्या सात बहिणींनी खालच्या रानातून औषध आणून गड जगवला. वेढा कुणाचा होता, हे मात्र कुणाला सांगता यायचं नाही. कुणी मोगल म्हणे, कुणी इंग्रज. चिमाआईला विचारलं तर ती म्हणे, “येढा घालनाराचं नाव गान्यात ठिवायचं कशापायी?”

याच गोष्टीवर मनकर्णाने दीर्घ कविता लिहिली होती. दोन वर्षं खपून. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तिने चिमाआईकडून ते गाणं फोनवर रेकॉर्ड करून नेलं. घरी बसून उतरवलं, स्वच्छ केलं. एकच ओळ तीन तीनदा यायची, ती एकदाच ठेवली. प्रत्येक ओवीत ‘गं बाई माझी’ होतं. भरीचे शब्द म्हणून ते काढले. दोन ठिकाणी ओळ खडबडीत होती, तिथे गोड केली.

आणि सातवी ओवी नव्हतीच, म्हणून ती स्वतः लिहिली.

पुढच्या महिन्यात पुस्तकाचं प्रकाशन होतं. शेवटची प्रुफं तिच्या पिशवीत होती, उद्या परत पाठवायची होती. एक तळटीप तेवढी राहिली होती. ‘सातवी ओवी हेकळवाडीच्या चिमाबाई असवले यांच्याकडून मिळाली.’

एवढ्यासाठी ती सकाळची पहिली जीप पकडून आली होती. चिमाआईने फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

“वाचून दाखवू?”

“दाखव की.”

मनकर्णा उभी राहिली. तिचा आवाज चांगला होता.

“सातवी ती तेजस्विनी, उभी कड्याच्या कडेला
वीज होऊन झेपावली, डाग न दिला गडाला...”

पुढे आणखी चौदा ओळी होत्या. कडा होता, वारा होता, शत्रूचे डोळे दिपले होते. वाचता वाचता तिच्याच अंगावर काटा आला.

चिमाआईने डोळे मिटून सगळं ऐकलं. सूप मांडीवर स्थिर.

“ग्वाड हाय.”

मनकर्णाचा चेहरा उजळला. “मग म्हणता हो?”

“ग्वाड हाय म्हनले. माझी हाय असं कुठं म्हनले?”

“पण शोभते ना गाण्यात?”

“नथ घुशीलाबी शोभंल. घालायची का?”

मनकर्णाला हसू आलं आणि रागही आला. तिने दुसरी बाजू लावून पाहिली.

“एकेकीच्या ओवीत एकेक औषधी झाड आहे, म्हणून मला एकदा वाटलं होतं, सातवी म्हणजे कारवी असेल. सात वर्षांनी फुलते ना ती. सातवी बहीण सातव्या वर्षी येते... किती छान बसतंय बघा.”

“बसतंय.”

“मग तेच असेल?”

“बसतंय म्हंजी हाय, असं कुनी सांगितलं तुला?”

मनकर्णा पुन्हा खाली बसली.

“तुम्हाला माहीत आहे. आणि सांगत नाही आहात.”

चिमाआईने सूप पुन्हा हलवलं.

“चिमाआई, मी हे गाणं जगापुढे आणतेय. नाहीतर ते तुमच्याबरोबर...”

वाक्य तिने अर्ध्यावरच गिळलं.

“माझ्याबरूबर जळंल,” चिमाआईने ते शांतपणे पुरं केलं. “खरं हाय.”

तेवढ्यात कुडाच्या भिंतीपलीकडून हाक आली. तुका आत आला. शेजारच्या घरचा, मोठ्या हाडापेराचा माणूस. पण चेहरा उतरलेला होता.

“आई, कौसाला पुन्हा मुरडा उठलाय. सकाळधरनं सात येळा गेली. आव पडतीय. उठवत न्हाई तिला.”

चिमाआईने सूप खाली ठेवलं.

“नर्सबाईची पुडी?”

“पानी पाजतोय. गोळ्याबी दिल्यात. म्हनली, उद्यापतुर उतार न्हाई पडला तर दवाखान्यात न्या.”

“पुडीचं पानी थांबवू नगंस. घोट घोट देत ऱ्हा. आन उद्याची जीप सांगून ठिव. मी आलेच.”

ती आत गेली. आढ्याच्या खुंटीवरून एक गाठोडं काढलं. त्यात सालीचे चार-पाच तुकडे होते, करड्या रंगाचे. तिने ते पाट्यावर ठेचले, मडक्यात टाकले, वर पाणी ओतलं, चुलीवर चढवलं. कोपऱ्यातली लाकडं पुढे सारली.

“मास्तरीनबाई, हितं बस.”

“मी?”

“मला तिचं पोट बघाया जायचंय. उकळी फुटली की गानं सुरू कर. माझ्यावानी म्हन, घोळवून, समदं. गानं संपलं की मडकं उतरव. एवढंच काम.”

“गाणं? आत्ता?”

पण चिमाआई तुकाच्या मागे निघूनही गेली होती.

मनकर्णा चुलीपुढे बसली. धूर डोळ्यांत गेला. मडक्यात बुडबुडे आले, मग खळखळ सुरू झाली. तिने घसा साफ केला आणि गायला लागली.

पहिली ओवी. चिमाआईसारखी, प्रत्येक ओळ तीनदा. विडा चघळून होईल एवढी एक ओवी लांब व्हायची. दुसरी. तिसरी. कडवट वास घरभर झाला. चौथी, पाचवी. तिला मजा यायला लागली. आपला आवाज या घरात किती छान घुमतो हे तिला जाणवलं. सहावी.

आणि सहावी संपताच, थांबायच्या आत, तिची स्वतःची सातवी तिच्या ओठांवर आली.

सातवी ती तेजस्विनी...

ती तिनेही घोळवून म्हटली. तीन तीनदा. सोळाच्या सोळा ओळी. चाल इतकी अचूक बसली की तिने डोळे मिटले. वीज झेपावली. गड उजळला...

करपल्याचा वास आला तेव्हा तिने डोळे उघडले.

मडक्यातलं पाणी आटलं होतं. तळाला काळं, चिकट काहीतरी धुमसत होतं. तिने पदराने मडकं उतरवलं, बोटं भाजली, पाणी ओतू की नको कळेना.

दारात चिमाआई उभी होती.

तिने मडक्यात वाकून पाहिलं. वास घेतला.

“किती ओव्या म्हनल्या?”

“...सात.”

चिमाआई मडकं उचलून बाहेर गेली आणि उकिरड्यावर उपडं केलं. परत आली. रिकामं गाठोडं झटकून पाहिलं.

“साल संपली,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मनकर्णाला बरं वाटलं असतं. पलीकडच्या घरातून कौसाच्या कण्हण्याचा आवाज येत होता.

“मी आणते.”

“तिसऱ्या टेपावर हाय. चढ हाय.”

“मी आणते. कुडा ना? पांढरा कुडा.”

“वळखशील?”

“गाण्यातली तिसरी बहीण. लांब शेंगांची, तुम्हीच सांगितलं होतं.”

चिमाआईने तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीला टेकवलेला कोयता तिच्या हातात दिला.

“जा. पळत जा.”

ती पळतच गेली. पौषातली सकाळ, गवत वाळून पिवळं पडलेलं. डोंगराच्या पहिल्या टेपावर, पहिल्याच टप्प्यावर, तिला दम लागला, दुसऱ्यावर पायातली चप्पल तुटली. तिने ती हातात घेतली, मग दोन्ही एका दगडावर टाकून दिल्या. अनवाणी चालल्याला तिला वीस वर्षं झाली असतील. खडे टोचत होते, आणि तरी का कोण जाणे, पाय आपोआप वेगाने पडत होते.

तिसऱ्या टेपावर कुड्याचं झाड लगेच सापडलं. वाळत आलेल्या लांब शेंगा लोंबत होत्या, जोडीजोडीने. तिने तिसरी ओवी मनात म्हटली, आपल्या पुस्तकातली.

दोन वेण्या गुंफल्या, एक गाठ शेंड्यावरी...

तंतोतंत. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या. जणू दोन वेण्यांना मिळून एकच रिबीन बांधलेली. तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने हसली. म्हणजे ही ओळ नुसतं सौंदर्याचं वर्णन नव्हती. ही झाडाची खूण होती. दोन वर्षं ती ही ओळ वाचत होती आणि तिला एकदाही कळलं नव्हतं.

तिने कोयता उचलला. सालीचा एक कपचा काढला आणि जिभेवर ठेवला.

फारसा कडू नव्हता.

तिने पुन्हा चावून पाहिलं. जरासा तुरट, बाकी काही नाही. ओवीची शेवटची ओळ तिला आठवली. ‘जिभेला कडू भारी.’

तिचा हात थांबला.

तिने कंबरेचा फोन काढला. त्या दिवाळीचं रेकॉर्डिंग त्यात अजून होतं. ते लावलं आणि कानाशी धरलं. चिमाआईचा खरखरीत आवाज रानात उमटला.

“तिसरी गं बाई माझी, आली कपारी-कपारी
दोन वेण्या मोकळ्या, शेंडा शेंड्याला न धरी
रंगानं गोरी गं, जिभेला कडू भारी...”

न धरी.

शेंडा शेंड्याला न धरी.

मनकर्णाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ‘न धरी’ तिला खडबडीत वाटलं होतं. तिनेच ते काढून तिथे एक गाठ मारली होती. त्या गाठीसकट ओळ पुस्तकात चालली होती. उद्या कुणी ते वाचून रानात गेलं असतं तर कुड्यासारख्याच दिसणाऱ्या याच चुकीच्या झाडापाशी येऊन थांबलं असतं, जसं ती स्वतः थांबली होती.

ती झाडं शोधत सुटली. कपारी-कपारी. गाण्यात तसंच होतं. टेपाच्या कडेला खडकाची एक लांब भेग होती, तिच्यातून काटेरी झुडपं. त्यांना बाजूला सारत ती खाली उतरली. हाताला ओरखडे निघाले. आणि तिथे, खडकात मुळं रोवून, ते उभं होतं. शेंगा दोन दोनच्या जोडीने, पण प्रत्येक शेंग आपापल्या दिशेला वाकलेली. टोकं मोकळी.

तिने कपचा काढला. पांढरा चीक आला. जिभेवर ठेवला आणि तोंड वेडंवाकडं झालं. इतका कडू की डोळ्यांत पाणी आलं.

“हीच,” ती स्वतःशीच म्हणाली. “हीच गं बाई.”

तिने भराभर साल काढली. ओच्यात भरली. आणि उताराला लागली.

धावताना ती गाणं म्हणत होती. या वेळी मूळचं, चिमाआईचं, एकही शब्द न गाळता. पहिली गं बाई माझी, आली उंबराच्या वाटं. दुसरी गं बाई माझी, आली वढ्याकाठानं. तिसरी गं बाई माझी, आली...

दुसऱ्या टेपाच्या मध्यावर ती अशी थांबली की पायाखालचे खडे घरंगळत पुढे गेले.

आली.

सगळ्या आल्याच होत्या. एकही ‘गेली’ नव्हती. गड सोडून रानात गेल्याचं गाणं होतं हे, असंच ती धरून चालली होती. पण गाण्यात कुणी जातच नव्हतं. एकेक येत होती. ओटीत काही ना काही घेऊन. उंबराच्या वाटेने, ओढ्याकाठाने, कपारीतून.

मग कुठे येत होत्या? आणि कुणाकडे?

सहावी तिने हळू आवाजात म्हटली, एकेका शब्दावर बोट ठेवावं तशी.

“सहावी गं बाई माझी, आली उन्हं कलताना
ओटीत साल तिच्या, काटा पायात सलताना
चुलीपाशी बसली गं, दमानं बोलताना...”

चुलीपाशी.

म्हणजे चूल पेटलेली होती. म्हणजे चुलीपुढे आधीच कुणीतरी बसलेलं होतं. येणारीला ‘आली’ म्हणणारं. प्रत्येकीला ‘माझी’ म्हणणारं. भरीचे शब्द म्हणून तिने सहाच्या सहा ठिकाणी काढून टाकले होते ते ‘गं बाई माझी’.

तिने वर गडाकडे पाहिलं. रिकामा कडा. त्यावर कुठे तरी एक बाई काढा उकळत बसली होती, वाट बघत होती, एकेक बहीण जिवंत परतली की तिचं नाव न घेता तिची ओवी म्हणत होती. सहाही आल्या, गाणं संपलं, काढा झाला. स्वतःवर ओवी रचायला तिला वेळ कुठला?

तिला कुणाला तरी सांगायचं होतं. आत्ता, या क्षणी. ती अशी पळत सुटली की वाटेत गुरं घेऊन चाललेला म्हातारा बाजूला होऊन बघत राहिला.

“चिमाआई,” ती अंगणातूनच म्हणाली, “मला कळलं. सातवी...”

“साल?”

“आणली. पण ऐका ना, सातवी...”

“आधी ठेच.”

तिने ठेचली. पाट्यावर हात चालत होते आणि तोंडात शब्द मावत नव्हते.

“ती गडावरच होती. ती...”

“पानी घाल. आता तुझी उकळी थांबव आन मडक्याची बघ.”

मडक्यात खळखळ सुरू झाली. मनकर्णाने गाणं म्हटलं. सावकाश, घोळवून. चिमाआई दाराला टेकून बसली होती, अधूनमधून तिचेही ओठ हलत होते. सहावीची शेवटची ओळ तिसऱ्यांदा म्हणून झाली आणि मनकर्णाने मडकं उतरवलं. काढा तांबूस झाला होता, पाव हिश्श्यावर आलेला. तिने मान वर केली.

“आता सांगू?”

“गाळ.”

गाळला.

“आता?”

“नेऊन पाज.”

कौसाच्या घरात अंधार होता. ती कुशीवर पाय पोटाशी घेऊन पडली होती. तुकाची बायको, तिशीतली, मनकर्णाच्याच वयाची. ओठ सुकलेले. तुकाने तिला आधार देऊन बसवलं. मनकर्णाने वाटी पुढे केली. काढा वाफाळत होता. तिने फुंकर घातली. पुन्हा घातली. घालतच राहिली. इतकं सांगायचं होतं तिला, पण फुंकर घालताना बोलता येत नव्हतं.

कौसा पहिला घोट घेऊन थरथरली.

“लई कडू.”

“घ्या. थोडं थोडं.”

वाटी संपली. कौसाने डोकं मागे टेकलं आणि मनकर्णाचं मनगट धरलं. सोडलं नाही. कळ आली की घट्ट आवळायची, ओसरली की ढील द्यायची. मनकर्णा तशीच बसली. मध्ये तुकाने पुडीचं पाणी दिलं, ते पाजलं. तिच्या बोटांना फोड आले होते, तळपायात काटा होता, पण काढायला हात मोकळा नव्हता.

दुपार कलायच्या सुमाराला दोन कळांमधलं अंतर वाढलं. मग आणखी वाढलं. कौसाची बोटं सैल झाली आणि ती झोपली.

तुका हलक्या आवाजात म्हणाला, “परवापास्नं पहिल्यांदा डोळा लागला तिचा.”

मनकर्णा बाहेर आली तेव्हा उन्हाने डोळे दिपले. मघाशी सांगायला उसळत असलेलं सगळं अजून तिच्याजवळ होतं. पण आता ते सांगितलंच पाहिजे असं काही राहिलं नव्हतं.

आनंद मात्र तसाच होता. किंबहुना जास्तच.

चिमाआईच्या ओसरीवर बसून तिने पिशवीतून प्रुफं काढली. लाल पेन काढलं. तिसऱ्या ओवीतली गाठ सोडवली, ‘न धरी’ जागेवर ठेवलं. सहाच्या सहा ओव्यांत ‘गं बाई माझी’ परत आणलं. कापलेल्या ओळी समासात उभ्या-आडव्या लिहिल्या, पान लालभडक झालं. मग सातवी आली. सोळा ओळी. तिने त्या एकदा वाचल्या. अजूनही गोड होत्या. तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एक रेघ ओढली, आणि खालच्या तळटिपेवर दुसरी.

चिमाआईने सूप पुन्हा हातात घेतलं होतं. ती हे सगळं बघत होती.

“काढली ती ओवी,” मनकर्णा म्हणाली.

“हं.”

“तुम्हाला विचारायचं नाही का, सातवी कोण ते?”

“मी कशाला इचारू? मला कुठं पुस्तक काढायचंय?”

मनकर्णा हसली. मग प्रुफांवर वाकली, पुन्हा सरळ झाली. तिच्या डोळ्यांत रानातली ती चमक परत आली होती.

“पण एक सांगा. आता मी काय लिहू? पान कोरं सोडू? की खाली टीप देऊ, की ती अमुक अमुक होती, गाण्यातच आहे, नीट ऐका? आणि त्या वेण्यांचं... ते लिहायलाच हवं, चिमाआई, नाहीतर माझ्यासारखं कुणीतरी पुन्हा गाठ मारील. मला तर वाटतं, सगळी कविताच नव्याने लिहावी. आज सकाळपासूनची. प्रुफं चार दिवस उशिरा पाठवते. मी सुट्टी टाकते. काय काय मिळालं मला आज... तुम्हीच सांगा, सुरुवात कुठून करू?”

चिमाआईने सूप खाली ठेवलं. उंबऱ्याशी पडलेला कोयता उचलला. पात्यावर कुड्याचा पांढरा चीक वाळून बसला होता. तो तिने अंगठ्याने घासून पाहिला. मग कोयता मनकर्णाच्या पुढ्यात, त्या लाल झालेल्या पानांशेजारी ठेवला.

“पोरी, साल काढलीस... झाडाच्या जखमंला शेनमाती लावून आलीस का?”